कर्ज फेडणार तुम्ही, तर नावही तुमचेच हवे

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

सप्रेम नमस्कार. माझे वय ३१ वर्षे आहे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझे दोन्ही पाय अधू आहेत आणि मी कुबड्यांच्या आधाराने चालते. गेली काही वर्षे मी घरी शिवणकाम करते. गिऱ्हाइके भरपूर आहेत, पण माझे हातमशीन असल्यामुळे काम सावकाश होते आणि पुष्कळदा काम परत पाठवावे लागते. विजेवर चालणारे मशीन घ्यावे म्हणून मी आमच्या भागात छोटी कर्जे देणाऱ्या एका संस्थेकडे चौकशी केली. तिथे कर्ज गटामार्फतच मिळते. गटातल्या बायकांनी मला घेण्यास नकार दिला. ‘हिचा हप्ता चुकला तर तो आमच्या अंगावर येईल’ असे त्यांचे म्हणणे. गटाची बैठकही दुसऱ्या मजल्यावर भरते, तिथे मला जाता येत नाही. संस्थेच्या अधिकाऱ्याने सुचवले की कर्ज माझ्या धाकट्या भावाच्या नावावर काढावे आणि हप्ते मी भरावेत. भाऊ तयार आहे. माझी बचतसुद्धा त्याच्याच खात्यात असते. आई म्हणते, ‘आम्ही असताना तुला ही यातायात कशाला?’ मी काय करावे? आणि पुढे कधी स्वतः अर्ज केलाच, तर त्यात अपंगत्वाचा उल्लेख करावा की टाळावा?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

भावाच्या नावावर कर्ज काढू नका. तुमचा भाऊ सज्जन आहे आणि हप्ते तुम्ही वेळेवर भराल, या दोन्ही गोष्टी मी गृहीत धरते, आणि तरीही माझे उत्तर हेच राहील. छोटी कर्जे देणाऱ्या संस्थेकडे सहसा जमीन किंवा दागिने तारण ठेवलेले नसतात. तिला विसंबून राहता येते ते कर्जदाराने आधीचे कर्ज कसे फेडले याच्या नोंदीवर. पहिले कर्ज लहान मिळते, ते वेळेवर फिटले की पुढचे थोडे मोठे मिळते, आणि अशा रीतीने पत वाढत जाते. अधिकाऱ्याने सुचवलेल्या मार्गाने गेलात, तर तुम्ही भरलेला प्रत्येक हप्ता भावाच्या नावापुढे नोंदला जाईल. कर्ज फिटेल तेव्हा कष्ट तुमचे झालेले असतील आणि पत त्याची वाढलेली असेल. तुम्ही मात्र त्या संस्थेच्या लेखी तेव्हाही अनोळखीच असाल आणि दुसऱ्या कर्जासाठी पुन्हा त्याच्याच नावाचा आधार शोधावा लागेल.

याखेरीज काही अडचणी अशा आहेत की ज्या सुरुवातीला दिसत नाहीत. छोट्या कर्जाबरोबर बहुधा विमा असतो आणि त्याचे संरक्षण कागदावर ज्याचे नाव आहे त्यालाच मिळते. उद्या तुम्ही गंभीर आजारी पडलात आणि काम थांबले, तर तुमच्यासाठी कोणताही विमा नसेल आणि संस्था भावाच्या दारात उभी राहील. त्याला स्वतःच्या कामासाठी कर्ज हवे झाले, तर त्याच्या नावावर आधीच एक कर्ज असल्यामुळे त्याला कमी मिळेल किंवा मिळणारच नाही. मशीनची पावती कोणाच्या नावाने फाडली जाईल, हाही प्रश्न आहेच. घरात आज सगळे एकत्र आहेत म्हणून तो प्रश्न आज उभा राहत नाही, एवढेच. शिवाय एकाच्या नावावर कर्ज काढून ते दुसऱ्याने वापरणे हा बहुतेक संस्थांमध्ये नियमभंग मानला जातो. म्हणजे अधिकाऱ्याने तुमची सोय म्हणून जे सुचवले, त्याचा ठपका काही बिनसल्यास तुमच्या भावावर येईल, अधिकाऱ्यावर नव्हे.

म्हणून पहिले काम कर्जाचे नाही, खात्याचे आहे. तुमच्या स्वतःच्या नावाचे बचत खाते उघडा आणि भावाच्या खात्यात असलेली तुमची रक्कम त्यात आणा. त्याच्यावर अविश्वास आहे म्हणून हे करायचे नाही, तसे त्याला समोर बसवून मोकळेपणाने सांगा. दर आठवड्याला, रक्कम कितीही छोटी असली तरी, त्या खात्यात काही ना काही जमा करत राहा. सहा महिने सातत्याने पैसे जमा होत असलेले पासबुक कर्ज मागताना पुढे ठेवता येते, आणि तुमच्या हातात नियमित पैसा येतो याचा तो तुमच्याच नावाचा पहिला कागद ठरतो.

आता तुम्हाला मिळालेल्या नकाराकडे पाहू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला आणि ३ मे २००८ पासून अमलात आला. जगातल्या बहुसंख्य देशांनी त्याला मान्यता दिली आहे. या कराराच्या १२व्या कलमाच्या पाचव्या परिच्छेदात असे म्हटले आहे की, मालमत्ता बाळगण्याचा, आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेची कर्जे व पतपुरवठ्याचे इतर प्रकार इतरांच्या बरोबरीने मिळवण्याचा दिव्यांग व्यक्तींचा हक्क राष्ट्रांनी सुरक्षित केला पाहिजे. २७वे कलम स्वयंरोजगाराला आणि स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याला चालना देण्याविषयी बोलते. करारातले कलम वाचून दाखवल्याने उद्या कर्ज मंजूर होईल अशा भ्रमात मी तुम्हाला ठेवणार नाही. परंतु तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात, हे तुमच्या मनात पक्के असले, तर त्या कार्यालयात बसून बोलण्याची तुमची रीतच बदलेल, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते.

गटातल्या स्त्रियांना मी दोष देणार नाही. एखादीचा हप्ता चुकला तर तो बाकीच्यांनी भरायचा, अशी अट असेल तर प्रत्येकजण शेजारणीला तोलून पाहणारच, कारण तो हप्ता त्यांच्या स्वतःच्या घरखर्चातून जाणार असतो. खोट आहे ती या रचनेत. गटकर्जाची ही पद्धत जगभर पोहोचली ती मुख्यतः बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेमुळे. मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात छोट्या कर्जांचा प्रयोग सुरू केला, १९८३ साली त्यातून बँक उभी राहिली आणि २००६ साली युनूस व बँक या दोघांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. जुन्या पद्धतीत पाच जणींचा गट असे. आधी दोघींना कर्ज मिळे, त्यांची परतफेड ठीक चालली आहे असे दिसल्यावर पुढच्या दोघींना आणि शेवटी पाचवीला. गटातल्या सभासदांनी एकमेकींना स्वतः निवडायचे, हे या पद्धतीचे बळ होते. ज्या बाईला सगळे ओळखतात तिला या निवडीचा फायदा झाला. जिच्याविषयी लोकांनी आधीच काही ठरवून टाकलेले असते, तिच्यासाठी मात्र दार तिथेच बंद झाले, आणि दिव्यांग स्त्रिया बहुतेक वेळा या दुसऱ्या बाजूला राहिल्या.

परंतु ज्या बँकेने ही पद्धत रुजवली, तिनेच पुढे ती सैल केली, हे तुमच्या भागातल्या अधिकाऱ्याला सांगण्यासारखे आहे. गटातल्या एका सभासदाच्या कर्जाची परतफेड करण्याची जबाबदारी इतरांवर नाही, असे ग्रामीण बँक आता स्पष्टपणे सांगते. भीक मागून जगणाऱ्या व्यक्तींसाठी तिने एक वेगळी योजना काढली. त्या व्यक्तींत अंध, अपंग आणि वृद्ध माणसे होती. त्यांना गटाची अट ठेवली नाही, व्याज लावले नाही आणि फेडीची मुदत ऐसपैस दिली. गटाशिवाय कर्ज देताच येत नाही, हे म्हणणे या अनुभवापुढे टिकत नाही. तुम्हाला बिनव्याजी कर्जाची गरज आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तुमचा चालता व्यवसाय आहे आणि इतरांना लागू असलेला दर तुम्हालाही परवडेल. मुद्दा इतकाच की अट माणसाला सोयीची होईल अशी बदलता येते आणि ती बदलली गेलेली आहे.

गटाशी पुन्हा बोलायचे असेल तर विनवणी करू नका, हिशोब घेऊन जा. किती कपडे शिवले, किती पैसे आले आणि किती काम परत पाठवावे लागले, याची वही ठेवा. तीन महिने मला कर्ज नको, फक्त बचतीत सामील करून घ्या, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे मांडा. ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम न चुकता येते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांची भीती जितकी कमी होईल, तितकी ती कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही. आणि पहिले कर्ज गटातल्या सर्वांत लहान कर्जाएवढेच मागा.

अधिकाऱ्याच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. गटातल्या स्त्रियांना स्वतःचे पैसे गमावण्याचे भय होते. त्याने मात्र तुमची मिळकत न विचारता, वही न पाहता, कुबड्यांकडे पाहून निर्णय घेतला. त्याच्या शाखेची थकबाकी वाढली तर त्याला जाब द्यावा लागतो, हे खरे आहे, परंतु त्यासाठी अर्जदाराच्या उत्पन्नाची तपासणी करणे हे त्याचे कामच आहे आणि तुमच्या बाबतीत त्याने ते केले नाही. त्याला शांतपणे विचारा की, दिव्यांग व्यक्तीला कर्ज देऊ नये असा नियम संस्थेच्या कोणत्या परिपत्रकात आहे. असा लेखी नियम बहुधा सापडणार नाही. मग तुमच्या नावाने लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि नकार द्यायचा असेल तर तो कारणासह लेखी द्यावा अशी मागणी करा. तोंडी नकार देणारा माणूस तो कागदावर लिहिताना दहा वेळा विचार करतो. तरीही काही झाले नाही, तर शाखा व्यवस्थापकाकडे आणि त्यानंतर संस्थेच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे जा. शक्य असेल तर दिव्यांग व्यक्तींच्या एखाद्या संघटनेचे पत्र सोबत जोडा.

संघटनेचा उल्लेख मी मुद्दाम करते. युगांडात दिव्यांग व्यक्तींच्या राष्ट्रीय संघटनेने आणि सूक्ष्मवित्त संस्थांच्या, म्हणजे छोटी कर्जे देणाऱ्या संस्थांच्या, संघाने हातमिळवणी करून एक काम केले. दिव्यांगांसाठी वेगळा कर्जनिधी उभारण्याऐवजी त्यांनी सर्वसाधारण संस्थांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि दिव्यांग व्यक्तींना या संस्थांचे व्यवहार समजावून सांगितले. मला हा विचार पटतो. दिव्यांगांसाठीचा खास निधी देणगीवर चालतो, देणगी आटली की तोही आटतो; शिवाय दयेपोटी दिलेले कर्ज फेडले नाही तरी चालते असे घेणाऱ्यालाही वाटू लागते, देणारा वसुलीचा आग्रह धरत नाही, आणि शेवटी ‘या लोकांना कर्ज देणे परवडत नाही’ हा मूळचा ग्रह खरा ठरल्यासारखा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे दर सहा माणसांमागे एकाला, लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे. इतक्या माणसांसाठी खास निधी कोठून आणि किती पुरणार? जी दारे सगळ्यांसाठी आहेत त्याच दारांतून त्यांना आत जाता आले पाहिजे.

दुसऱ्या मजल्याचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, आणि म्हणूनच तो सुटलेला नाही याचे मला दुःख होते. वर उल्लेख केलेल्या करारात वाजवी सोय ही कल्पना आहे. समोरच्यावर गैरवाजवी भार पडणार नसेल, तर दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे म्हणून आवश्यक तो बदल करून दिला पाहिजे, आणि तो नाकारणे हाच भेदभाव समजला जातो. बैठक तळमजल्यावर किंवा अंगणात भरवायला कोणताही भार पडत नाही. ते अगदीच अशक्य असेल तर हप्ता फोनवरून भरण्याची आणि महिन्यातून एकदाच हजर राहण्याची मुभा मागा. बैठकीला हजेरी सक्तीची असते ती हप्ते वेळेवर यावेत आणि सभासदांची एकमेकींशी ओळख राहावी म्हणून. हे दोन्ही हेतू दुसऱ्या मार्गाने साधत असतील तर जिना चढण्याचा आग्रह धरण्याला कारण उरत नाही.

तुमच्या आईविषयी थोडे लिहिते. ‘आम्ही असताना’ या शब्दांत माया आहे, हे तुम्हीही जाणता. पण वर्षानुवर्षे तेच ऐकत राहिलेले माणूस हळूहळू स्वतःच स्वतःला मागे ठेवू लागते. तुमच्या पत्रात ‘पुढे कधी स्वतः अर्ज केलाच, तर’ असे शब्द आहेत, ते वाचून मी थबकले. भरपूर गिऱ्हाइके असलेल्या, स्वतःच्या कमाईवर व्यवसाय चालवणाऱ्या स्त्रीने अर्ज करणे ही इतकी दूरची गोष्ट का असावी? आईला दुखावू नका, पण तिच्याजवळ वही घेऊन बसा आणि महिन्याला तुम्ही किती कमावता ते तिला वाचून दाखवा. घरच्यांना हा आकडा माहीत नसतो असे पुष्कळदा आढळते. तुमचा तर पैसाच भावाच्या खात्यात जात असल्यामुळे तो वेगळा उठून दिसण्याची सोयही नव्हती.

आता कर्ज घ्यावे की नाही, आणि किती, हा स्वतंत्र प्रश्न. हक्क आहे म्हणून कर्ज घ्यावे असे होत नाही. अमर्त्य सेन यांनी दोन प्रकारच्या अडचणींत फरक केला आहे: अपंगत्वामुळे कमाई करणे कठीण जाते ही एक, आणि झालेल्या कमाईतून इतरांइतकेच जीवनमान मिळवायला अधिक खर्च येतो ही दुसरी. ही दुसरी अडचण कर्जाच्या हिशोबात कोणीच धरत नाही. जाण्या-येण्यासाठी तुम्हाला वाहन करावे लागत असेल, कुबड्यांची रबरी टोपणे आणि कॅलिपरची (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या साधनाची) दुरुस्ती असेल, कापड आणायला कोणाला तरी पैसे द्यावे लागत असतील. हे सगळे आधी वजा करा आणि मग उरते ते पाहा. हप्ता ठरवताना भरभराटीचा महिना धरू नका. गेल्या सहा महिन्यांतला सर्वांत मंदीचा महिना धरा आणि त्या महिन्यातही हप्ता भरून घर चालले असते का, एवढेच स्वतःला विचारा. चालले नसते असे उत्तर आले, तर रक्कम कमी करा किंवा थांबा.

थांबण्यात कमीपणा नाही. नवीन मशीन घेण्याआधी तुमच्या सध्याच्या हातमशीनला मोटर बसवता येते का, हे एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून पाहून घ्या. बऱ्याच जुन्या मशीनना ती बसते, आणि पायाने दाबायचे नियंत्रण कोपराने किंवा हाताने दाबता येईल अशा जागी ठेवता येते. तेवढ्याने भागत असेल तर कदाचित सहा महिन्यांच्या बचतीतून काम होईल आणि कर्ज पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवता येईल. आणखी एक पथ्य पाळा: कुबड्या, कॅलिपर, तीनचाकी अशा साधनांसाठी व्याजाचे व्यवसाय-कर्ज कधीही वापरू नका. त्यांच्यासाठी अनुदान किंवा साहाय्य मिळते का ते शोधावे, कारण त्या साधनांतून हप्त्याचे पैसे थेट उभे राहत नाहीत. मशीनमधून ते राहतात.

व्याजदर विचारताना तो सपाट आहे की घटत्या शिलकीवर आहे, हे अवश्य विचारा. सपाट दरात व्याज सगळा काळ मूळ रकमेवर लावले जाते, जरी दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. वर्षभरात १२ समान मासिक हप्त्यांत फेडायच्या कर्जावर सपाट १२ टक्के सांगितले असतील, तर घटत्या शिलकीच्या हिशोबाने तो दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. दोन संस्थांची तुलना करताना ही गफलत सर्रास होते. त्याशिवाय अर्जाचे शुल्क, विम्याचा हप्ता आणि कर्ज देतानाच कापून घेतली जाणारी सक्तीची बचत, यांमुळे हातात पडणारी रक्कम कागदावरच्या रकमेपेक्षा कमी असते. सही करण्याआधी हातात नक्की किती पडणार आणि एकूण किती फेडायचे, हे दोन आकडे लिहून मागा.

या गटाने आणि या संस्थेने दोघांनीही दार उघडले नाही, तरी मार्ग संपत नाही. १९९१ साली नायजर देशातल्या मराडी भागात केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने गावपातळीवरच्या बचत-कर्ज गटांची एक साधी पद्धत सुरू केली आणि ती पुढे अनेक देशांत पसरली. साधारण १५ ते २५ सभासद नियमितपणे जमतात, आपापल्या ऐपतीप्रमाणे एक किंवा अधिक हिस्से विकत घेतात, जमलेल्या पैशातूनच एकमेकांना कर्ज देतात, आणि वर्षाच्या आसपास सगळी रक्कम नफ्यासह वाटून घेऊन नवे चक्र सुरू करतात. पैसे तीन कुलुपांच्या पेटीत राहतात आणि किल्ल्या तीन वेगळ्या सभासदांकडे असतात. बाहेरच्या संस्थेचे पैसे यात नसतात, त्यामुळे बाहेरचा अधिकारी कोणाला वगळू शकत नाही. या पद्धतीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की सगळा व्यवहार सर्वांसमक्ष होतो आणि शिल्लक मोठ्याने सांगितली जाते. ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्यांनाही आपले पैसे किती हे दुसऱ्याच्या भरवशावर न राहता कळते. ऐकू न येणाऱ्या सभासदांसाठी मात्र खुणांची किंवा लेखी व्यवस्था आवर्जून करावी लागते. असा गट सुरू करायचे ठरवलेत तर तो केवळ दिव्यांग व्यक्तींचा असू नये, असे मला वाटते. मिश्र गटात ओळखी वाढतात, कामे मिळतात आणि उद्या हेच सभासद तुमच्याविषयी साक्ष द्यायला पुढे येतात. आणि पेटीच्या तीन किल्ल्यांपैकी एक तुमच्याकडे असावी असा आग्रह धरा; सभासद असणे आणि निर्णयात असणे यांत फरक आहे.

खाते उघडल्यावर कार्डाचा किंवा मोबाइलचा पिन कोणालाही सांगू नका, मदतीला येणाऱ्या भावालाही नाही. यंत्रापर्यंत पोहोचता येत नाही, पडदा दिसत नाही किंवा बटणे दाबता येत नाहीत म्हणून अनेक दिव्यांग व्यक्तींना पिन दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि मग पैसे कोणी काढले हे सिद्ध करता येत नाही. हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द लिहिते. ज्यांना दिसत नाही त्यांनी कराराचा मजकूर विश्वासातल्या माणसाकडून आणि संस्थेच्या कर्मचाऱ्याकडून, असा दोनदा वाचून घ्यावा. ज्यांच्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही त्यांनी ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग मागावा. आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या किंवा बहिणीच्या वतीने सह्या करणाऱ्या कुटुंबीयांनी, त्या व्यक्तीला व्यवहार समजावून तिचा कौल घेण्याची सवय लावून घ्यावी. आधार देऊन निर्णय घेऊ देणे आणि निर्णय काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या कराराचे १२वे कलम पहिलीच्या बाजूने उभे आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न अर्जातल्या उल्लेखाविषयी आहे. उल्लेख करा, परंतु तो कारुण्यासाठी नव्हे, सोयीसाठी. ‘मी अपंग असल्याने सहानुभूतीने विचार व्हावा’ असे वाक्य लिहू नका. त्याने अधिकाऱ्याची शंका वाढते. त्याऐवजी व्यवसाय, मासिक मिळकत, मंदीच्या महिन्याची मिळकत, बचतीची नोंद आणि कर्जाचा हेतू आधी लिहा, आणि मग एका वाक्यात म्हणा की, मला जिना चढता येत नाही, म्हणून बैठक तळमजल्यावर व्हावी किंवा हप्ता फोनवरून भरण्याची परवानगी मिळावी. अपंगत्वाची मोजणी एकसारखी व्हावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या आश्रयाखाली २००१ साली स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने सहा छोटे प्रश्न तयार केले आहेत: पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे वा लक्ष एकाग्र करणे, स्वतःची निगा राखणे आणि संवाद साधणे यांत किती अडचण येते, असे ते विचारतात. माणसाला कोणते लेबल लावावे, याला त्यात जागाच नाही. संस्थेच्या अर्जात असे प्रश्न नसतील तर ते घालावेत, असे तुमच्या अर्जाच्या शेवटी सुचवून ठेवा. दिव्यांग ग्राहक आपल्याकडे येतच नाहीत असे सांगणाऱ्या संस्थेला आपल्याकडे किती आले आणि किती परत गेले हे माहीत असण्याची सुरुवात तिथून होते.

भावाला या सगळ्यात काम नाही असे नाही. संस्थेचा नियम तशी परवानगी देत असेल तर त्याला जामीनदार करा; कर्जदाराच्या रकान्यात तुमचे नाव आणि जामीनदाराच्या रकान्यात त्याचे. फक्त त्याने सही करण्यापूर्वी तुम्ही दोघांनी मिळून हप्त्याचे वेळापत्रक वाचावे, म्हणजे एखादा हप्ता लांबण्याची चिन्हे दिसली तर तुम्ही त्याला आधीच सांगू शकाल आणि तोही वेळेत संस्थेशी बोलू शकेल.